बाबूभाईचा झाकलेला पाय

अहेरीच्या बाबूभाईइतका बोलका न्हावी मी पाहिला नाही, आणि त्याच्याइतका लपवाछपवी करणारा माणूसही नाही. कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, कुणाच्या बैलानं कुणाचं धान खाल्लं, हे सगळं त्याच्या जिभेवर. त्याला स्वतःबद्दल एक शब्द विचारा, लगेच वस्तऱ्याची पाती बदलायला बसतो.

मी कांता. सुकी मासोळी, मिरची आणि हळद विकते. आम्ही पाच-सहा बाजारकरी बिरजूच्या पिकअपमध्ये माल टाकून जंगलातल्या गावांचे आठवडी बाजार करतो. सूरजागडकडून खनिजाचे ट्रक येत असले की रस्त्याच्या कडेला बसून राहायचं, नाल्याला पाणी असलं की परत फिरायचं, आणि बाकीचे दिवस विकायचं. बाबूभाईचा माल म्हणजे एक घडीची खुर्ची, एक आरसा आणि एक पेटी. बाजारात पोचला की झाडाखाली खुर्ची उघडायची आणि माणसं संपेपर्यंत उभं राहायचं. जेवायलाही बसत नसे. "बसलो का गिऱ्हाईक समजते, दुकान बंद झालं," असं म्हणायचा.

मे महिन्यात, जीव कासावीस करणाऱ्या उन्हातही बाबूभाईच्या पायात मोजे असत. लांब, काळे, घोट्याच्या वर चढलेले. त्यावर पायजमा. आम्ही चिडवायचो, की बाबूभाई साहेब झाले, आता टाय लावतील. तोही हसायचा. परतीच्या वाटेवर मात्र तो माझ्या मिरचीच्या पोत्यावर पाय टाकून पडायचा आणि कण्हायचा. पाय दगडासारखे जड झाले म्हणायचा. सकाळी पुन्हा ताजातवाना.

एका बाजाराहून येताना नाल्यावर गाडी थांबली होती. बाकीचे चहाला गेले. मी तोंड धुवायला खाली उतरले, तर बाबूभाई दगडाआड मोजे काढून बसलेला. मी पाहिलं आणि माझ्या तोंडून "अगं माय" निघालं. पोटऱ्यांवर निळ्या-हिरव्या शिरा फुगून वेटोळी झाली होती. घोट्याच्या आतल्या अंगाची कातडी जळक्या तव्यासारखी काळी पडली होती आणि खाजवून खाजवून पातळ झाली होती. दोन्ही पायांची तीच गत.

तो घाबरला. इतका घाबरलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"कांताबाई, हत्तीपाय आहे मले. कोनाले सांगू नका. दरसाल गोळ्या वाटते ना, त्या खाऊन राह्यलो मी. बरा होईन."

"डॉक्टरले दाखवलं काय?"

"दाखवलं अन् नाव झालं तं? मानसाच्या गालावर हात फिरवतो मी. रोगी न्हाव्याच्या खुर्चीवर कोन बसन?"

आमच्याकडे सुजलेल्या पायाला दुसरं नावच नाही. पाय सुजला की हत्तीपाय, कातडी काळी पडली की त्याहून वाईट नाव, आणि ते नाव लागलं की माणसाच्या हातचं पाणी बंद. म्हणून मी त्याला दोष दिला नाही. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. त्यानं माझी तागडी आणली, माझा हात तिच्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. बाजारकऱ्याला तागडीच्या शपथेपुढं दुसरी शपथ नाही. मी घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हटलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

पुढचं घडलं ते धान कापणीच्या दिवसांत, मर्कागट्टाच्या बाजारात. गाव तसं आडबाजूला, पण बाजार चांगला भरतो. त्या दिवशी कापणीचा पैसा सगळ्यांच्या हातात होता, म्हणून बाबूभाईच्या खुर्चीपुढं रांग होती. माझं दुकान त्याच्या समोरच. त्याच्या मागं कुणीतरी तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा ढीग टाकला होता. बाबूभाई एका माणसाची दाढी करत होता, आणि मी पाहत होते, की दाढी करता करता तो उजव्या चपलेच्या कडेनं डाव्या घोट्याला खाजवतोय. त्याची ती सवयच झाली होती. मोजा घसरला होता, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

मग तो थांबला. खाली पाहिलं. चपलेत रक्त साचलं होतं.

ओरडला वगैरे नाही. दुखतच नव्हतं त्याला. पेटीतून तुरटीचा खडा काढला, वाकला आणि घोट्यावर दाबला. न्हाव्याचा तुरटीवर देवासारखा विश्वास. खड्याखालून रक्त आलं. पुन्हा दाबला. खडा लाल झाला, बोटं लाल झाली, आणि हात काढला तशी रक्ताची बारीक धार उडाली आणि गिऱ्हाइकाच्या धोतरावर पडली. दाढीला अर्धा साबण लागलेला तो गडी खुर्चीवरून उडी मारून पळाला.

"तरास! तरास!" कुणीतरी ओरडलं. तरास म्हणजे गोंडीत साप. तणसाचा ढीग पाठीशीच, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. अर्ध्या मिनिटात सगळा बाजार तिथं.

गर्दीतून इसरूभाऊ पुढं आले. हे त्या गावचे जाणते माणूस. कुणाला साप चावला की आधी त्यांना हाक मारतात. त्यांनी बाबूभाईला खुर्चीत बसवलं, कुणाच्या तरी बैलाची दोरी घेतली आणि गुडघ्याखाली करकचून आवळली. गाठीवर गाठ.

"घोणस हाय," ते म्हणाले. "घोणस चावली का रक्त थांबत नाई. ईख वर चढाले नाई पाह्यजे."

यात त्यांचं काही चुकलं असं मी त्या वेळी म्हणाले नसते. घोणस चावल्यावर रक्त थांबत नाही, हे खरं आहे. माझ्या मावसभावाच्या हिरड्यांतून आलेलं रक्त मी डोळ्यांनी पाहिलंय. पण दोरी आवळली आणि रक्त कमी होण्याऐवजी वाढलं. मघाशी बारीक धार होती, आता ती जाड झाली. पायाच्या शिरा दोरीखाली फुगून बोटाएवढ्या झाल्या. खुर्चीखालची माती ओली होऊन तिचा चिखल झाला.

मला तो पाय ठाऊक होता. मला ठाऊक होतं, की तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होती. तिथं साप कशाला लागतो, चपलेची कड पुरते. पण मग मलाच वाटलं, समज खरंच साप असला तर? मी मासोळी विकणारी बाई. मी तोंड उघडायचं आणि माणूस मरायचा.

तेवढ्यात रंजीता धावत आली. ही उपकेंद्रातली नर्स, भामरागडकडची माडिया पोर, इथं येऊन वर्षही झालं नव्हतं. आल्या आल्या ती खाली बसली, जखम पाहिली आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"एकच भोक आहे," ती म्हणाली. "भाऊ, दुखते काय? आग होते?"

"नाई," बाबूभाई म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडत होते.

"साप पाह्यला तुमी?"

यावर त्यानं गर्दीकडं पाहिलं. त्याचं सगळं गिऱ्हाईक उभं होतं तिथं. मग माझ्याकडं पाहिलं, आणि मला कळलं तो काय बोलणार आहे.

"हाव. पाह्यला. घोणस होती. तनसात घुसली."

खोटं! साफ खोटं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साप चावला तर ते नशीब, लोक हळहळतात. रोग निघाला तर धंदा गेला. मरायला टेकलेला असताना बाबूभाईनं हा हिशेब केला होता.

रंजीताची अडचण मला नंतर कळली. दोरी आवळणं सापावरही चुकीचंच, पण आवळलेली दोरी एकदम सोडली आणि विष खरंच असलं, तर ते एका दमात वर जाईल. आणि समोर माणूस सांगतोय, की मी डोळ्यांनी पाहिलं. ती दोरीकडं हात नेत होती आणि मागं घेत होती.

"पोरी, दोराले हात लावू नको," इसरूभाऊ म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी, पण माणसं लगेच तिच्या आणि बाबूभाईच्या मधे सरकली. "मेला तं तुह्यावर येईन."

बिरजूनं पिकअप मागं घेतली होती. चार जण बाबूभाईला उचलून पुढच्या सीटवर बसवायला निघाले. म्हणजे पाय खाली लोंबणार, दोरी तशीच, आणि पुढं ट्रकांची रांग ओलांडून मोठ्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता. त्याची मान एका बाजूला कलली होती. तोंडानं तो काहीतरी पुटपुटत होता, बहुतेक कलमा.

आता माझा संताप कुणावर होता हे मला आजही सांगता येणार नाही. त्याच्यावर, गर्दीवर, त्या काळ्या मोज्यांवर, सगळ्यांवरच. मी मासोळीची टोपली बाजूला फेकली, गर्दीत घुसले, आणि बाबूभाईचा दुसरा पाय, उजवा, रक्त न येणारा पाय धरला. पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला आणि मोजा खाली खेचला.

"पाहा! याले बी साप चावला काय? सांगा ना! काऊन फुगल्या या शिरा? वर्सापासून हायेत याच्या पायाले. मी पाह्यल्या माह्या डोळ्यानं. साप-बीप काई नाई, खोटं बोलून राह्यला हा मानूस!"

भर बाजारात एका बाईनं परक्या माणसाचा पायजमा वर ओढला होता. कुणी हसलं नाही. सगळे त्या पायाकडं पाहत राहिले. तीच निळी वेटोळी, घोट्याला तोच काळा डाग.

बाबूभाईनं डोळे उघडले. शुद्धीत होता. "बेइमान," मला म्हणाला. एवढंच.

रंजीतानं मात्र पुढं एक क्षण घालवला नाही. "खाली निजवा त्याईले! बसवू नका, निजवा!" ती ओरडली, आणि त्या लहानशा पोरीच्या आवाजानं ते चार जण खरंच थांबले. बाबूभाईला मातीवर आडवं केलं. तिनं त्याच्याच पेटीतली कात्री घेतली आणि दोरी कापली. इसरूभाऊंनी तिचा हात धरला होता, तो तिनं झटकला. मग डाव्या पायाची टाच उचलून खुर्चीवर ठेवली, म्हणजे पाय छातीच्या वर राहील, आणि रुमालाची घडी करून त्या भोकावर अंगठ्यानं दाबली. नुसती दाबून धरली. फुंकलं नाही, पुसलं नाही, उचलून पाहिलं नाही.

"आता?" मी विचारलं.

"आता थांबाचं."

ते थांबणं मी विसरू शकत नाही. एवढा मोठा बाजार, पण एक कोंबडी ओरडत होती तेवढाच आवाज. इसरूभाऊ बाबूभाईच्या तोंडाशी उकिडवे बसून त्याच्या पापण्या पाहत होते. विषाची पहिली खूण तिथं दिसते म्हणतात. जरा पापणी मिटली, की ते गालावर चापट मारायचे. मी मनात म्हणत होते, कांते, तू चुकली असशील तर या माणसाच्या बायकोला कोणत्या तोंडानं भेटशील? रंजीताच्या अंगठ्याखालचा रुमाल लाल झाला होता. लाली पसरतेय का थांबलीय, हे मला रडू येत असल्यामुळं दिसेना.

"थांबलं," रंजीता म्हणाली. तरी तिनं अंगठा काढला नाही. दुसऱ्या हातानं पट्टी मागवली, घडीवरून पावलापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळली, आणि मगच हात सोडला.

फुगलेल्या शिरा, पाय वर गेल्याबरोबर, पट्टी बांधायच्या आधीच बसल्या होत्या. पाणी उतरल्यावर नाला दिसतो तशा नुसत्या रेघा राहिल्या होत्या. हे इसरूभाऊंनीही पाहिलं. कापलेली दोरी त्यांनी उचलली, हातात गुंडाळली आणि निघून गेले.

बाबूभाईला पिकअपच्या हौद्यात निजवून, पाय माझ्या पोत्यांवर ठेवून नेलं. वाटेत त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

पुढचं मला त्याच्या बायकोनं, हाजराभाभीनं सांगितलं. कारण बाबूभाईनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. भाभी मासोळी घ्यायला येई आणि आधी इकडंतिकडं पाहून मग बोले.

"चंद्रपूरले नेलं. डॉक्टरनं आधी उभंच केलं त्याईले. म्हणे, निजवलं का हा रोग लपते. मंग पायाची सोनोग्राफी केली. हत्तीपाय नाईच म्हणे, कांताबाई!"

"मंग काय?"

"शिरांत झडपा रायतेत म्हणे, रक्त वर ढकलाले. उभं राहून राहून त्या ढिल्या झाल्या. रक्त खालीच साचते, म्हनून सूज, म्हनून खाज, म्हनून कातडी काळी. कोनाच्या खुर्चीले लागत नाई, कोनाच्या हाताले लागत नाई. लागनारा रोगच नाई हा."

लेझरनं ती शीर आतून बंद केली, त्याच दिवशी चालवलं. घट्ट मोजे दिले. हे मोजे सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी घालायचे आणि रात्री काढायचे. पलंगाच्या पायथ्याला विटा लावल्या. उभं राहायचं असेल तर मधे मधे टाचा उचलायच्या, चालायचं, जमेल तेव्हा बसायचं. दुसऱ्या पायाचं नंतर करायचं. काळा डाग पूर्ण जाणार नाही, पण खाज थांबली. डॉक्टर म्हणाले, पाय संध्याकाळी जड व्हायचा तेव्हाच आला असतास, तर रक्ताचा हा तमाशा झाला नसता.

"मले काई म्हणते काय?" मी विचारलं.

भाभीनं मासोळी पिशवीत भरली. "तुमचं नावच घेत नाई," ती म्हणाली. "पन त्याईले झोप लागते आता."

बाबूभाई बाजारात परत आला तो उंच स्टूल घेऊन. पिकअपमध्ये माझ्याकडं पाठ करून बसायचा. मी "पाणी घेता काय" विचारलं तर बिरजूला म्हणायचा, पाणी दे. बाकीच्या गावांत गिऱ्हाईक हळूहळू आलं. मर्कागट्टात मात्र एकही नाही. तो स्टुलावर बसून, खुर्ची पुसून, आरसा पुसून वाट पाही, आणि माणसं लांबून वळसा घालून जात. एक-दोन पोरं पायांकडं बोट दाखवत. माझं रक्त उकळायचं. मिरची घेताना लोकांना सांगायचे, बाप्पा, लागणारा रोग नाही तो, सिस्टरला विचारा. लोक "हाव हाव" म्हणायचे आणि शेजारच्या गावच्या न्हाव्याकडं जायचे. त्या खुर्चीकडं पाहिलं की मला वाटायचं, मी त्याचा जीव वाचवला आणि पोट मारलं.

असे कितीक बाजार गेले. मग एका बाजाराला इसरूभाऊ समोरून येताना दिसले. सगळा बाजार पाहत होता. सरळ खुर्चीपाशी आले आणि उभे राहिले. बाबूभाई गडबडीनं उठला, खुर्ची झटकली.

"दाढी?"

"दाढी नाई," इसरूभाऊ म्हणाले. मग त्यांनी मागं बोट केलं. त्यांच्या मागं त्यांची बायको बुधरी उभी होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांध्यांत, चिखलात उभं राहून धानाची रोवणी केलेली बाई. तिनं लुगडं टाचेपर्यंत सोडलं होतं आणि डाव्या पायावर भार देत नव्हती. "हिच्या पायाले जखम हाय," इसरूभाऊ म्हणाले. "दोन पावसाळे झाले. पाला बांधून राह्यलो, भरत नाई. घरात बी दाखवत नाई. तुह्या पायासारखाच हाय, मले वाटते." त्यांनी खाली पाहिलं. "त्या दिवशीच वाटलं होतं."

बुधरीनं लुगडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. चारी बाजूंनी माणसं. ती मान हलवत होती, नाही, नाही.

बाबूभाई तिच्याकडं पाहत राहिला. मग स्टुलावर बसला, वाकला, आणि स्वतःच्या हातानं पायजमा वर केला. गुडघ्यापर्यंत. घट्ट मोजा हळूहळू खाली सोलला. सगळ्या बाजारादेखत त्यानं तो पाय उन्हात पुढं धरला, काळा डाग, बुजलेलं भोक, सगळं.

"पाहा बाई," तो तिला म्हणाला. "मी बी असाच लपवत होतो. मरून राह्यलो होतो त्याच्यापायी."

बुधरी रडायला लागली. एक पोरगं रंजीताला बोलवायला धावलं.

बाबूभाईनं पेटीतून केस कापताना पांघरतो ती चादर काढली, झटकली, आणि माझ्याकडं वळला. त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"कांताबाई," तो म्हणाला, "जरा आडोसा धरा. सिस्टर येऊन राह्यली. बाईमानूस आहे, तिले लाज वाटते."

मी उठले आणि चादरीचं एक टोक धरलं. दुसरं टोक त्यानं धरलं आणि बुधरीकडं पाठ फिरवून उभा राहिला.